हवाईचे धबधबे : डोंगरापासून समुद्रापर्यंत

हवाई द्वीपसमूहातील बहुतेक नामांकित धबधबे बेटांच्या ईशान्य अंगाला आहेत आणि बहुतेक मोठी पर्यटनस्थाने नैर्ऋत्य अंगाला. ओआहूवरील वाइकिकी, माउईवरील वाइलेआ, कौआईवरील पोइपू आणि बिग आयलंडवरील कोना ही सर्व ठिकाणे कोरड्या, उन्हाच्या बाजूला वसली, कारण प्रवाशाला ऊन हवे असते. ज्या कारणाने तेथे ऊन हमखास मिळते त्याच कारणाने तेथे धबधबा नाही. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून चार-पाच दिवसांची सुट्टी काढून येणाऱ्या कुटुंबाच्या वेळापत्रकात ही गोष्ट सहसा धरलेली नसते. हॉटेल एका हवामानात आणि धबधबा दुसऱ्याच हवामानात, असा हा मामला आहे. दोहोंमधील अंतर नकाशावर वीत-दोन वीत दिसले, तरी अर्धा दिवस खाते.

सह्याद्री पाहिलेल्या वाचकाला या रचनेचे नवल वाटणार नाही. उत्तर पॅसिफिकवरून ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे बाष्प घेऊन बेटांच्या उभ्या डोंगरांवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. डोंगर ओलांडल्यावर वारा उरतो, पाऊस उरत नाही. शालेय भूगोलात ज्याला प्रतिरोध पाऊस म्हणतात तो हाच, आणि कोकण व देश यांच्यातील फरकाचे कारणही हेच. बिग आयलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हिलो शहरात वर्षाला सुमारे १२५ इंच पाऊस पडतो. तेथून मोटारीने दीडएक तासावर, त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कावाइहाएच्या परिसरात तो जेमतेम दहा इंचांच्या आसपास असतो आणि काळ्या लाव्हाच्या माळावर गवतही नेटाने उगवत नाही. कौआईच्या मध्यावरील वाइआलेआले शिखर आणि माउईच्या हालेआकालाचा पूर्व उतार येथे वार्षिक पाऊस चारशे इंचांच्या घरात जातो. जगातील सर्वांत ओल्या जागांमध्ये त्यांची गणना होते.

फरक आहे तो ऋतूचा. सह्याद्रीचे धबधबे मोसमी वाऱ्यांचे; चार महिने गाजतात आणि दिवाळीनंतर कातळावरचा ओघळ तेवढा उरतो. हवाईत व्यापारी वारे वर्षभर वाहतात, उन्हाळ्यात तर अधिकच नेमाने, आणि त्यांचा पाऊस थोडाथोडा पण रोज म्हणावा असा असतो. मोठ्या सरी मात्र नोव्हेंबर ते मार्च या काळातील वादळांतून येतात. त्यामुळे मोठे धबधबे बाराही महिने पाहता येतात, लहान धबधबे हिवाळ्यातच रंगात येतात आणि धोकाही हिवाळ्यात अधिक असतो.

दुसरे नाते खडकाचे आहे. दख्खनचा कातळ आणि हवाईचा कातळ दोन्ही बेसॉल्ट, दोन्ही लाव्हाच्या थरावर थर बसून तयार झालेले. दख्खनचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. कौआई सुमारे पन्नास लाख वर्षांचे, तर बिग आयलंड दहा लाखांहूनही लहान. हे वय धबधब्यांच्या दृष्टीने निर्णायक ठरते. ताजा लाव्हा चाळणीसारखा असतो. बिग आयलंडच्या दक्षिणेकडील पुना जिल्ह्यात (नाव ऐकून पुणेकरांनी हुरळून जाऊ नये) भरपूर पाऊस पडूनही वाहती नदी नाही, कारण पडलेले पाणी थेट जमिनीत मुरते. खडक जुना होऊन त्याची माती झाली, भेगा बुजल्या, की मगच ओढे वाहू लागतात आणि दऱ्या कोरल्या जातात. म्हणून जिवंत ज्वालामुखी आणि धबधबे एकाच बेटावर असले तरी एकमेकांपासून दूर आहेत.

खडकाची आणखी एक खुबी पुढे उपयोगी पडणार आहे. लाव्हाच्या आडव्या थरांना छेदून जाणाऱ्या घट्ट दगडाच्या उभ्या भिंती या डोंगरांच्या पोटात आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. दोन भिंतींमध्ये पावसाचे पाणी टाकीसारखे साठून राहते आणि झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येते. पाऊस थांबल्यावरही ओढा आटत नाही तो या साठ्यामुळे.

बिग आयलंड

पहिला धबधबा कोणता पाहावा, या प्रश्नाला सर्वांत सुरक्षित उत्तर अकाका हे आहे. हिलोच्या उत्तरेला, होनोमू या जुन्या साखरमळ्याच्या गावाजवळ राज्य उद्यानात कोलेकोले ओढा ४४२ फूट सरळ खाली कोसळतो. पाण्याची धार अखंड आहे, मध्ये टप्पा नाही. पाहण्याची वाट अर्ध्या मैलाहून कमी आणि फरसबंद असली तरी तिच्यावर पुष्कळ पायऱ्या आहेत. भारतातून आलेल्या आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर हे आधी विचारात घ्यावे. राज्याबाहेरच्या लोकांना प्रवेशशुल्क आणि वाहनतळाचे शुल्क पडते. डोहापर्यंत उतरण्याची वाट नाही, आणि ती नाही हेच चांगले आहे.

अकाकाच्या माथ्यावर, ४४२ फुटांच्या कड्याच्या वरच्या अंगाला, एक बोटभर लांबीचा मासा राहतो, आणि तो तेथे पोहोचतो तो कडा चढून. हवाईच्या गोड्या पाण्यात मूळचे मासे पाचच. स्थानिक भाषेत त्यांना ओओपू म्हणतात. त्यांतील ओओपू आलामोओ हा ओढ्यात अंडी घालतो, पिले जन्मतःच प्रवाहाबरोबर समुद्रात वाहत जातात, तेथे काही महिने वाढतात आणि मग नदीच्या मुखाशी परततात. पोटाखालच्या जोडलेल्या पंखांचा चोषकासारखा उपयोग करून हे मासे ओल्या कातळाला चिकटतात आणि इंच-इंच वर सरकतात. कड्याच्या पायथ्याशी शिकारी मासे थांबतात, म्हणून माथा सुरक्षित; एवढ्या खटाटोपाचा लाभ तो. याचा अर्थ असा की हा मासा जगण्यासाठी डोंगरापासून समुद्रापर्यंत ओढा कोठेही तुटता कामा नये. वाटेत एक फर्लांगभर पात्र जरी कोरडे पडले तरी साखळी संपते.

हिलो शहरातच वाइलुकू नदीवर वाइआनुएनुए, म्हणजे इंद्रधनुष्याचा धबधबा आहे. उंची सुमारे ८० फूट. मोटार उभी केली की समोर दृश्य, त्यामुळे वृद्धांना आणि बाबागाडीला सर्वांत सोयीचा. सकाळी सूर्य पाठीशी असताना तुषारांत धनुष्य दिसते. दुपारनंतर गेलेल्यांना नावाचा अर्थ कळत नाही. धबधब्यामागच्या गुहेत माउई या वीरपुरुषाची आई हिना राहत असे, अशी कथा आहे. मैल-दीड मैल वर नदीच्या पात्रात रांजणांसारखे डोह एकामागून एक आहेत. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्यांना ओळख पटेल. त्यांच्यातील पाणी शांत दिसते आणि खालून एका डोहातून दुसऱ्यात जोराने ओढले जाते. वाइलुकू या नावाचाच अर्थ विनाशाचे पाणी असा आहे आणि बुडण्याच्या घटनांनी ते नाव सार्थ ठरवले आहे. येथे काठावरून पाहावे आणि परतावे.

बेटाच्या उत्तर टोकाकडे वाइपिओ दरीत हिइलावे हा सुमारे १,४५० फुटांचा धबधबा आहे. दरीत उतरणारा अतितीव्र चढणीचा रस्ता फेब्रुवारी २०२२ पासून पर्यटकांना बंद आहे. रहिवासी, शेतकरी आणि परवानाधारक सहली यांनाच उतरता येते. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून पायी उतरण्याचा बेत आखणाऱ्यांना वरूनच परत फिरावे लागते. पहिल्या दिवसांत पर्यटक नाराज झाले. दरीतील शेतकऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

कौआई आणि माउई

कौआई सर्वांत जुने, म्हणून सर्वांत कोरलेले. वाइलुआचा जोडधबधबा रस्त्याच्या कडेच्या कठड्यावरून दिसतो. हानापेपे दरीतील मानावाइओपुना हा ‘जुरासिक पार्क’ या १९९३ च्या चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाला, पण तो खासगी जमिनीवर आहे आणि हेलिकॉप्टरनेच दिसतो. मन भरेल असा धबधबा पायी गाठायचा तर हानाकापीआई. नापाली किनाऱ्याच्या आरंभी केए पुळणीपासून निघून दोन मैल कड्याच्या अंगाने समुद्रकिनारी, आणि तेथून दोन मैल दरीत आत; जाऊन-येऊन आठ मैल. वाट निसरडी, चिखलाची आणि ओढा अनेकदा ओलांडायला लावणारी आहे. राजगड-तोरणा करणाऱ्याला अवघड नाही. ऑफिसातल्या खुर्चीवरून थेट विमानात बसलेल्याला अवघड आहे. शेवटी सुमारे ३०० फुटांचा कडा आणि त्याखालचा डोह.

या वाटेवर जाण्याची रीत एप्रिल २०१८ नंतर बदलली. त्या महिन्याच्या १४ व १५ तारखांना, हानालेईजवळच्या वाइपा येथील पर्जन्यमापकाने चोवीस तासांत ४९.६९ इंच पाऊस नोंदवला. अमेरिकेतील चोवीस तासांचा तो उच्चांक आहे. दरडी कोसळून उत्तर किनाऱ्याचा एकमेव रस्ता तुटला आणि हाएना उद्यान वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. त्या काळात पर्यटक नसलेला आपला किनारा तेथील रहिवाशांना पुष्कळ वर्षांनी पाहायला मिळाला. जून २०१९ मध्ये उद्यान उघडले ते दिवसाला ९०० अभ्यागतांची मर्यादा घालून. पूर्वी त्याच्या कितीतरी पट माणसे येत असत. आता राज्याबाहेरच्या प्रत्येकाला आगाऊ नोंदणी लागते, ती तीस दिवस आधी खुली होते आणि वाहनतळाच्या जागा पाहता पाहता संपतात. न मिळाल्यास नोंदणीसह शटल बस हा पर्याय राहतो. विमानाची तिकिटे काढल्यावर नव्हे, तर ही नोंदणी डोळ्यांसमोर ठेवूनच दिवस ठरवावेत. नोंदणीशिवाय गेल्यास नाक्यावरूनच परत पाठवतात आणि त्यात गैर काही नाही.

माउईवर हानाचा रस्ता हीच यात्रा आहे. सहाशेहून अधिक वळणे आणि एकोणसाठ पूल, त्यांतील बहुतेक एका मोटारीपुरते. जवळजवळ प्रत्येक पुलाखाली ओढा आणि पुष्कळ पुलांशेजारी लहानमोठा धबधबा. माळशेज घाटात पावसाळी रविवारी जे होते तेच येथे रोज होते : वळणावर मोटार उभी करून छायाचित्र काढणारे आणि त्यांच्यामागे अडकलेली शाळेची बस. मनाई असलेल्या जागी मोटार उभी केल्यास जबर दंड आहे. पुलावर पलीकडची मोटार आधी आली असेल तर तिला आणि तिच्यामागच्या चार-पाच मोटारींना जाऊ द्यावे. मागे स्थानिक मोटार दिसली तर बाजूला होऊन वाट द्यावी. हाना हे सहलीचे ठिकाण असले तरी तेथील लोकांचा दवाखान्याचा आणि बाजाराचा रस्ता हाच आहे.

रस्त्याच्या शेवटी हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाचा किपाहुलू भाग लागतो. तेथील ओहेओ घळीतील डोहांना ‘सात पवित्र डोह’ म्हणतात, पण ते सातही नाहीत आणि पवित्र हे विशेषण पर्यटन व्यवसायाने जोडलेले आहे. डोहांत उतरण्यास पुष्कळदा बंदी असते. खरे पाहण्यासारखे आहे ते वर : पिपिवाई वाटेने जाऊन-येऊन चार मैल, मध्ये बांबूचे दाट बन आणि अखेरीस चारशे फुटांचा वाइमोकू. ते बांबू मूळचे हवाईचे नाहीत. रस्त्याकडेचे पेरू, आंबा, निलगिरी यांपैकीही काही मूळचे नाही. जे अस्पर्श अरण्य म्हणून छायाचित्रांत मिरवते ते बव्हंशी गेल्या दोनशे वर्षांत माणसांनी आणलेल्या झाडांचे आहे.

ओआहू, मोलोकाई

होनोलुलूहून अर्ध्या तासात गाठता येणारा मानोआ सुमारे १५० फुटांचा आहे. पाऊस नसेल तर त्याची धार क्षीण असते आणि वाटेवरची गर्दी कधीच क्षीण नसते. उत्तर किनाऱ्यावरील वाइमेआ दरीतील धबधबा उंचीने सामान्य, ४५ फूट, पण तेथवर फरसबंद वाट आहे, दोन्ही बाजूंना वनस्पती-उद्यान आणि जुन्या वस्तीचे अवशेष आहेत, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर जीवरक्षकांच्या देखरेखीखाली जीवरक्षक जाकीट घालून पोहता येते. लहान मुलांना धबधब्याखाली नेण्याची इच्छा असेल तर ओआहूवर दुसरी जागा शोधू नये.

नुउआनू खिंडीत पाली महामार्गावरून दिसणारा वाइपुहिया वाऱ्याच्या दिवशी खाली पडतच नाही. कड्यावरून सुटलेले पाणी वाऱ्याने वर उडते. नाणेघाटात उलटा धबधबा पाहिलेल्यांसाठी ही जुनी ओळख आहे.

मोलोकाईच्या हालावा दरीतील मोओउलाकडे जाणारी वाट खासगी जमिनीतून असल्याने तेथे स्थानिक वाटाड्याबरोबरच जावे लागते. हे बंधन न मानता वरदान मानावे, कारण दरीचा इतिहास वाटाड्याच्या तोंडूनच कळतो. डोहात मोओ, म्हणजे सरड्यासारखी जलदेवता राहते अशी समजूत आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी टीच्या झाडाचे पान सोडायचे. तरंगले तर उतरावे, बुडाले तर मागे फिरावे.

पाण्यात उतरण्यापूर्वी

पान सोडण्याची पद्धत कोणी माना वा न माना, डोहाकडे आधी थांबून पाहण्याची सवय तिच्यात आहे, आणि हवाईच्या ओढ्यांजवळ तीच जीव वाचवते. या ओढ्यांची लांबी थोडी आणि उतार प्रचंड असतो. माथ्यावर कोसळलेली सर पायथ्याशी घटकाभरात येऊन पोहोचते, आणि तोवर पायथ्याशी लख्ख ऊन असू शकते. पाणी एकाएकी गढूळ होणे, पाने व काटक्या वाहत येणे, पातळी दोन-चार बोटे वाढणे किंवा वरून घरघर ऐकू येणे, यांपैकी एकही खूण दिसली तर सामान न आवरता उंच जागी जावे. परतीचा ओढा फुगला असेल तर तो ओलांडू नये, अलीकडेच थांबावे. जसे लवकर चढते तसेच हे पाणी बहुधा काही तासांत उतरते. हानाकापीआईच्या ओढ्याने २०१४ मध्ये शंभराहून अधिक पदयात्रींना एकाच वेळी अडकवून ठेवले होते. त्यांना बाहेर काढावे लागले. अशा प्रसंगी माणसे दगावतात ती बहुधा थांबल्यामुळे नव्हे, तर विमान चुकेल या धास्तीने पाण्यात उतरल्यामुळे. कंबरेपर्यंतच्या वेगवान पाण्यात पट्टीचा पोहणाराही पाय टेकवू शकत नाही.

दुसरा धोका वरून येतो. ओआहूवरील कालिउवाआ, इंग्रजीत सेक्रेड फॉल्स, हा एके काळी कुटुंबांचा आवडता धबधबा होता. ९ मे १९९९ रोजी, मातृदिनी, अरुंद घळीच्या कड्यावरून दरड सुटली आणि डोहाशी जमलेल्या लोकांवर आली. आठ जण मरण पावले, अनेक जखमी झाले. उद्यान तेव्हापासून बंद आहे. न्यायालयाने पुढे, धोक्याच्या सूचना अपुऱ्या होत्या म्हणून राज्याला जबाबदार धरले. हवाईच्या वाटांवर आज जागोजागी दिसणाऱ्या पिवळ्या पाट्यांना हा इतिहास आहे. वकिलांच्या सांगण्यावरून लावलेल्या म्हणून त्यांकडे काणाडोळा करणे शहाणपणाचे नाही. बंद असलेल्या कालिउवाआत आजही चोरून जाणारे आहेत. धबधब्याच्या थेट धारेखाली उभे राहण्याचा मोह कोणत्याच ठिकाणी करू नये, कारण पाण्याबरोबर दगड केव्हा येईल याचा नेम नसतो.

तिसरा धोका दिसत नाही. लेप्टोस्पायरोसिस हा शब्द मुंबईकरांना जुलै २००५ च्या पुरानंतर तोंडपाठ झाला, पण तो रोग अमेरिकेत आपली वाट पाहत असेल असे कोणाच्या मनात येत नाही. उंदीर, रानडुकरे आणि मुंगूस यांच्या मूत्रातून हे जंतू हवाईच्या ओढ्यांत उतरतात. (मुंगूस मूळचा भारतीय. उसाच्या मळ्यांतील उंदीर खाण्यासाठी १८८३ मध्ये तो जमैकामार्गे येथे आणला गेला. उंदीर रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा, हे कोणी ध्यानात घेतले नव्हते.) अंगावर ताजी जखम किंवा खरचटले असेल तर डोहात उतरू नये, पाणी गिळू नये, गढूळ पाण्यात तर मुळीच जाऊ नये. लक्षणे दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसतात : ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे. तोवर प्रवासी न्यू जर्सीत किंवा टेक्साससारख्या राज्यात परतलेला असतो आणि तेथील डॉक्टर त्याला फ्लू समजण्याची शक्यता असते. हवाईत ओढ्याच्या पाण्यात उतरलो होतो, हे एक वाक्य डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर रोग सहसा आटोक्यात येतो.

साध्या गोष्टीही आहेत. चांगली पकड असलेले बूट, अंधार पडण्याच्या पुष्कळ आधी परतीला लागणे, राष्ट्रीय हवामान सेवेची आकस्मिक पुराची सूचना असेल तर त्या दिवशी दरी सोडून समुद्र पाहणे. बिग आयलंडवर वाटेच्या तोंडाशी बूट घासण्याचे ब्रश दिसतील. ओहिआ या मूळच्या वृक्षाला मारणारी बुरशी चिखलातून पसरते, म्हणून ते ठेवलेले असतात.

पाटाचे पाणी

हवाईयन भाषेत वाई म्हणजे गोडे पाणी आणि वाइवाई म्हणजे संपत्ती. वाइलुआ, वाइलुकू, वाइमेआ, वाइकिकी अशी जी नावे प्रवाशाच्या कानांवर पडतात ती सर्व पाण्याची नावे आहेत. जुन्या व्यवस्थेत जमिनीचे पट्टे डोंगरमाथ्यापासून किनाऱ्यापर्यंत, साधारण ओढ्याला धरून, आखलेले असत. अशा पट्ट्याला आहुपुआआ म्हणतात. ओढ्यातून चर काढून पाणी खाचरांत घ्यायचे, तेथून ते पुन्हा ओढ्यात सोडायचे आणि पुढच्याने पुढे घ्यायचे. खाचरांत पिकत असे कालो. मराठी वाचकाने हे पीक घरच्या परसात पाहिलेले आहे : कालो म्हणजे अळू. वनस्पती तीच. आपण पानांच्या वड्या व फदफदे करतो. हवाईयन माणूस कंद कुटून पोई करतो आणि पानांत मांस-मासे गुंडाळून वाफवतो. अळवाला वाहते, थंड पाणी लागते. ते साचले आणि तापले की कंद कुजतो.

साखर आली आणि पाण्याची दिशा बदलली. उसाला ऊन हवे म्हणून मळे कोरड्या बाजूला, आणि पाणी तर ओल्या बाजूला. सॅम्युएल अलेक्झांडर आणि हेन्री बाल्डविन यांनी १८७६ ते १८७८ या काळात पूर्व माउईच्या दऱ्यांतून मध्य माउईच्या मळ्यांपर्यंत पहिला पाट खोदला. पुढे पाट, बोगदे, नळ यांचे जाळे त्या बेटावर आणि इतर बेटांवरही पसरले. काही बोगदे डोंगराच्या पोटातील डाइकच्या टाक्याच फोडून गेले. ओढ्यावर आडवा बंधारा घालून नेहमीचा प्रवाह पूर्ण वळवायचा आणि फक्त पुराचे पाणी पुढे जाऊ द्यायचे, अशी ती रचना होती. खालचे पात्र कोरडे पडले. अळूची खाचरे ओस पडली, मुखाशी परतलेल्या ओओपूच्या पिलांना चढायला पाणी उरले नाही आणि अनेक धबधबे पावसापुरते झाले.

या पाण्याचे भांडण दीर्घ आहे. १९७८ मध्ये राज्याच्या घटनेत पाणी ही जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची ठेव आहे, असे तत्त्व समाविष्ट झाले. ओआहूवरील वाइआहोले पाटाच्या खटल्यात २००० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे लागू केले. पूर्व माउईच्या अळू-शेतकऱ्यांनी २००१ मध्ये २७ ओढ्यांसाठी अर्ज केला. निकालाची वाट पाहता पाहता २०१६ च्या अखेरीस माउईवरचा, आणि राज्यातलाही, शेवटचा मोठा उसाचा मळा बंद झाला. जून २०१८ मध्ये जल आयोगाने काही ओढे पूर्ण आणि काही अंशतः मोकळे करण्याचा आदेश दिला. सर्व प्रश्न तेथे मिटले नाहीत. उरलेले पाणी कोणी, किती वर्षांच्या कराराने घ्यावे यावर वाद चालूच राहिले. पाटाच्या टोकाला आज घरांचे नळ आणि नवी शेतीही आहे, त्यामुळे एक बाजू खरी आणि दुसरी खोटी असा हा वाद नाही. परंतु दीड शतक जे ओढे समुद्रापर्यंत पोहोचले नव्हते, त्यांतील काही आता पोहोचतात.

हानाच्या रस्त्यावर याचा पुरावा उघडा आहे, फक्त मोटार हळू हवी. काही ठिकाणी डोंगराच्या बाजूला पाटाचे दगडी तोंड, लोखंडी झडप आणि जाळी दिसते. भर पावसाळ्यात पुलाखालचे पात्र कोरडे असेल तर वर कोठेतरी असा बंधारा असण्याचा संभव मोठा. अर्ध्या वाटेवर केआनाए आणि वाइलुआनुई ही जुनी अळूची गावे लागतात. रस्त्यावरच्या सज्जातून खाली पाहिले की काळ्या खडकाच्या किनाऱ्यापर्यंत गेलेली चौकोनी खाचरे, त्यांत डोलणारी रुंद पाने आणि बांधाबांधावरून एका खाचरातून दुसऱ्यात उतरणारे पाणी दिसते. थांबायचे असेल तर सज्जातच थांबावे. खाली उतरणारा रस्ता गावाचा आहे आणि खाचरे घरांची आहेत.